सहदेव तपकिऱ्यानं दार फिरवलं

सहदेव तपकिऱ्याला व्यसन म्हणाल तर एकही नव्हतं. घरचं तपकिरीचं दुकान, पण स्वतः कधी चिमूटभर नाकाला लावली नाही. दारूच्या वाटेला गेला नाही, सोंगट्यासुद्धा खेळला नाही. देवानं त्याच्यामागे एकच गोष्ट लावून दिली होती आणि तिच्यापुढे दुसऱ्या कशाला जागाच उरत नव्हती. त्याला महिपत साळवीचं बरं झालेलं बघवत नसे.

महिपतनं त्याचं काही वाकडं केलं होतं का? तर बिलकुल नाही. कल्याणात जाऊन कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. दोघं एका वयाचे, एका पंतोजीपुढे धुळाक्षरं गिरवलेले. पावकी-निमकी दोघांनाही तोंडपाठ होती, पण पंतोजी पाठ थोपटायचे ती महिपतची. महिपत वरातीत घोड्यावर बसला म्हणून सहदेवनंही हट्टानं घोडा आणवला, तर तो घोडा पारनाक्यावर जो बसला तो बत्तासे चारले तरी उठेना आणि नवरदेव चालत घरी आला. महिपतनं घरावर मंगळुरी कौलं घातली, तेव्हा सहदेवनंही घातली. फक्त पुढच्या बाजूला पुरली, मागे जुनीच नळीची कौलं राहिली. एका पावसाळ्यात दोघांनाही हिवताप झाला. महिपतला बघायला ठाण्याहून आगगाडीनं डॉक्टर आला, आणि सहदेवला आळीतल्या वैद्यानं काढा दिला. सहदेव आधी बरा झाला. पण त्या बरं होण्यात त्याला काडीचं सुख लाभलं नाही. डॉक्टर गळ्यात नळी अडकवून महिपतच्या पायऱ्या चढला, हे त्यानं अंथरुणात उठून बसून, मागच्या खिडकीतून पाहिलं होतं.

ही मागची खिडकीच त्याच्या जिवावर उठली होती. घर होतं लांबलचक. पुढचं तोंड तपकीर आळीत, तिथे ओटा आणि दुकान, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, परसू, आणि परसाची भिंत बंदरच्या रस्त्याला लागलेली. त्या रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, महिपतचं घर आणि लाकडाची वखार. शहापूर-मुरबाडकडून सागाच्या गाड्या यायच्या त्या तिथेच सुटायच्या. सहदेव दिवसभर पुढे बसून वस्त्रगाळ तपकीर विकायचा आणि संध्याकाळी मागे येऊन महिपतकडे कोण कोण आलं ते बघायचा. दुसऱ्या कोणी एवढी राखण केली असती तर पगार मागितला असता.

असं सगळं चाललेलं असताना सरकारनं नवा कायदा आणला. इतके दिवस म्युनिसिपालटीत कोणी बसायचं ते साहेब ठरवायचा. आता काही मेंबर गावानं निवडायचे होते. गावाचे वॉर्ड पडले, कर भरणाऱ्यांना मत मिळालं. मामलेदार कचेरीतला कारकून घरोघर हिंडून सांगू लागला की ज्याच्या घराचं पुढचं दार ज्या वॉर्डात, त्यानं त्याच वॉर्डात मत द्यायचं आणि उभं राहायचं असेल तर त्याच वॉर्डात. तपकीर आळी तिसऱ्यात गेली. बंदरचा रस्ता चौथ्यात.

महिपत चौथ्यातून उभा राहणार ही बातमी सहदेवला दुकानावरच कळली. सांगणारा चिमूट ओढून, दोनदा शिंकून निघूनही गेला. सहदेवच्या हातातला तराजू मात्र तसाच अधांतरी राहिला. महिपत मेंबर होणार. खुर्चीवर बसणार. रस्त्यानं जाताना लोक त्याला वाकून रामराम करणार आणि आपल्यालाही करावा लागणार. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या रात्री त्यानं जेवण चिवडून बाजूला सारलं.

"काय झालं?" कलावतीनं विचारलं. ही त्याची बायको. बोलायला फटकळ, पण नवऱ्याला पुरती ओळखून होती.

"काही नाही."

"मग समोरच्यांकडं काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दोन दिवसांनी तपकीर आळीतली चार वजनदार माणसं ओट्यावर येऊन बसली. त्यांत दगडू तेली होता, कासार होता, आणखी दोघं होते. पानसुपारी झाली. मग कासारानं विषय काढला.

"सहदेवशेट, आपल्या तिसऱ्या वॉर्डात कोणीच उभं राहिलेलं नाही. आमचं सगळ्यांचं ठरलंय, तुम्ही उभे राहा. समोर कोणी येणार नाही. घरबसल्या मेंबर व्हाल."

सहदेवला क्षणभर ऐकलेलं खरंच वाटेना. मग त्याच्या छातीत एक गोड ऊब पसरली. त्यानं मनातल्या मनात नवा अंगरखा शिवला, लाल पगडी घेतली, खुर्चीत बसला आणि शेजारच्या खुर्चीतल्या महिपतकडे वळूनही न पाहता साहेबाशी बोलला. एवढं सगळं सुपारी कातरून होण्याआधी झालं.

"पण हे सुचलं कोणाला?" त्यानं विचारलं. स्तुती आणखी थोडी ऐकावी, एवढाच हेतू.

"खरं सांगायचं तर महिपतरावांना," दगडू तेली भाबडेपणानं बोलून गेला. "परवा वखारीवर गेलेलो, तेव्हा म्हणाले, तुमच्याकडे सहदेवसारखा सरळ मापाचा माणूस असताना शोधता कोणाला?"

झालं. छातीतली ऊब गेली आणि तिथे निखारा आला. म्हणजे मेंबरकीसुद्धा महिपतनं द्यायची! आपण जन्मभर त्या खुर्चीवर बसायचं आणि गावानं म्हणायचं, महिपतरावांनी बसवला हो याला. सहदेवनं अडकित्ता खाली ठेवला.

"मला नको तुमची मेंबरकी," तो म्हणाला. "आणि मी काही तिसऱ्या वॉर्डातला नाही."

"नाही? मग हा ओटा कोणाचा?" कासारानं विचारलं.

"महिनाभरात बघाल."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत उठली. बरं, आता माणूस रागात बोलून जातो आणि सकाळी शुद्धीवर येतो. सहदेव सकाळी गवंडी घेऊन आला.

त्यानं काय करावं? तर पिढ्यान्‌पिढ्यांचं पुढचं दार दुकानाच्या फळ्यांसकट काढलं आणि तिथे विटांची भिंत घातली. परसाची भिंत फोडली, तिथे चौकट बसवली, उंबरा घातला, आणि घराचं तोंड बंदरच्या रस्त्याला केलं. कारकून येऊन बघून गेला आणि त्यानं घर चौथ्या वॉर्डात लिहिलं. नाव सहदेव तपकिरे, उमेदवार, महिपत साळवीच्या समोर.

घराचे हाल काय सांगावेत! दुकान राहिलं आळीच्या बाजूला आणि दार आलं मागे. गिऱ्हाईक परसातून आत यायचं, चुलीजवळून जायचं, माजघर ओलांडायचं, तेव्हा कुठे त्याला तपकीर मिळायची. एकजण तर दोनदा येऊन भाकरी खाऊन गेला. तिथवर आला की वासच तसा यायचा. कलावतीला लुगडं सावरता सावरता भाजी ढवळावी लागे.

"अहो, तुम्हाला मेंबर व्हायचं होतं ना? आयतं ताट समोर आलेलं," ती एकदा कळवळून म्हणाली. "ते का लाथाडलंत?"

"मला मेंबर व्हायचं नाही. त्याला होऊ द्यायचं नाही."

"मग निदान हे गावाला सांगू नका," कलावती म्हणाली.

ज्या दिवशी दाराची पूजा झाली त्या दिवशी रस्ता ओलांडून महिपत स्वतः आला. मागे त्याची बायको मालन, हातात नारळाचं तबक. महिपत अंगानं आडवा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

"अरे सहदेव, हे बेस झालं बघ!" तो म्हणाला. "इतकी वर्षं तुझ्या परसाची भिंत बघत होतो. आता उठल्याबरोबर तुझं तोंड दिसेल. निवडणुकीचं काय रे, कोणीतरी एक येणारच. दार मात्र झकास झालंय. चौकटीला लाकूड कुठनं घेतलंस? माझ्याकडून न्यायचंस ना, परका आहेस का?"

त्यानं उंबऱ्यावर नारळ फोडला. पहिल्याच दणक्यात दोन सारखी शकलं झाली. सहदेवनं सकाळी फोडलेला नारळ कुजका निघाला होता. जमलेल्या बायकांनी मालनचं तबक वाखाणलं. सहदेवनं त्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला आणि तो त्याला दुपारपर्यंत गिळता येईना. महिपत थोडा तरी खोटा असता, हसताना थोडं तरी टोचून बोलला असता, तरी सहदेवला सुटल्यासारखं वाटलं असतं. निदान चिडायला कारण मिळालं असतं. हा मेला तर खरोखरच चांगला होता, आणि तेच असह्य होतं.

मग सहदेवनं प्रचार धरला. बंदरच्या रस्त्यावर त्यानं तपकीर फुकट वाटली. सकाळ-संध्याकाळ त्या वॉर्डात अशा शिंका सुरू झाल्या की देवळातल्या घंटा ऐकू येईनात. लोक मूठभर तपकीर डबीत भरायचे, एक चिमूट नाकात कोंबायचे आणि पाणावल्या डोळ्यांनी शब्द द्यायचे. "शेट, मत तुम्हालाच." काहींनी तर बेलभंडार उचलून शपथ घेतली. नावाडी म्हणाले तुम्हालाच, वखारीतले लाकूड कापणारे म्हणाले तुम्हालाच. त्यांतल्या बहुतेकांना कर नसल्यानं मतच नव्हतं, पण ते सहदेवनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कलावतीचा सख्खा भाऊ महादू त्याच रस्त्यावर राहायचा. त्यानं तर मेव्हण्याच्या पायाला हात लावला. सहदेव हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरेना. निजताना तो मतं मोजत नसे, महिपतचं पडलेलं तोंड कसं दिसेल त्याचा विचार करत असे, आणि त्यानं त्याला छान झोप लागत असे.

मतदानाच्या दिवशी धर्मशाळेत टेबल मांडलं होतं. मागे मामलेदार, बाजूला शिरस्तेदार. एकेकानं आत जायचं, नाव हळूच मामलेदारांच्या कानावर घालायचं, त्यांनी लिहायचं, असा हुकूम होता. पण लोक पहिल्यांदाच मत देणार. कोणाला काही उमजेना. कोणी नारळ घेऊन आलेला, कोणी दक्षिणा. शेवटी मामलेदार वैतागून बाहेर आले.

"असं करू," ते म्हणाले. "चौथ्या वॉर्डाचे उमेदवार इथेच आहेत. त्यांनी आपलं मत सगळ्यांदेखत द्यावं. म्हणजे लोकांना रीत कळेल. बाकीच्यांनी मग आत येऊन द्यायचं. या, आधी कोण?"

सहदेव दोन ढांगांत पुढे झाला. महिपतच्या आधी जायला मिळण्याची संधी तो सोडणार थोडाच!

"बोला, मत कोणाला?"

"सहदेव तपकिरे," सहदेव खणखणीत आवाजात म्हणाला.

आपलं नाव आपल्याच तोंडानं, तेही आपल्याला मान मिळावा म्हणून, असं चारचौघांत कोणी घेतलेलं लोकांनी ऐकलं नव्हतं. कोणीतरी खुसखुसलं. एका म्हाताऱ्यानं मान फिरवली. सहदेवचे कान तापले. पण यात चुकीचं काय होतं? विचारलं म्हणून सांगितलं.

मग महिपत पुढे आला. त्यानं डोकं खाजवलं आणि लाजल्यासारखा हसला.

"रावसाहेब, स्वतःचं नाव कसं घेऊ? बरं दिसत नाही," तो म्हणाला. "लिहा, सहदेवचंच लिहा."

"वा!" गर्दीतून एकदम आवाज उठला. लोकांनी माना डोलावल्या. मामलेदारसुद्धा लिहिताना हसले.

सहदेवला पहिल्यांदा हर्ष झाला. सुरुवातीलाच आपली दोन आणि त्याचं शून्य! गाढव आहे झालं, त्यानं मनात म्हटलं. पण तो हर्ष धर्मशाळेच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकला नाही. ती 'वा' त्याच्या कानातून जाईना. हे आपल्याला का नाही सुचलं? आपण आधी गेलेलो. आपणच महिपतचं नाव घेतलं असतं तर 'वा' आपल्याला मिळाली असती, आणि वर त्यानं आपलं नाव घेतलं असतं ते वेगळंच. मत मिळालं आपल्याला आणि मोठा झाला तो! असल्या मताचं काय लोणचं घालायचं? पिंपळाच्या पारावर बसून तो दुपारभर धुमसत राहिला, आणि एकेक माणूस आत जाऊन येताना त्याच्याकडे बघून मान हलवत होता, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा शिरस्तेदार कागद घेऊन पायरीवर आले. अंगण माणसांनी भरलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि वॉर्डावार वाचायला सुरुवात केली. पहिल्या वॉर्डात एक वकील आले. दुसऱ्यात तांदळाचा व्यापारी आला. त्याच्या माणसांनी लगेच ताशा वाजवला, तो थांबवावा लागला.

"वॉर्ड तिसरा. दगडू तेली. समोर कोणी उमेदवार नाही, सबब निवडून आले."

दगडू तेल्याला आदल्या आठवड्यात आळीनं धरूनबांधून उभं केलं होतं. तो घाण्यावरून तसाच आलेला, बंडीवर तेलाचे डाग. कोणीतरी आपली पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, ती कानांवर उतरली, आणि तपकीर आळीनं त्याला खांद्यावर घेतला. सहदेव बघत राहिला. ती त्याची आळी होती. ते खांदे त्याचे होते. ते रिकामं, बिनभांडणाचं आसन त्याच्या ओट्यावर येऊन बसलं होतं आणि त्यानं ते विटांनी चिणून टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सहदेवला महिपत सोडून दुसऱ्या माणसाचा हेवा वाटला, तोही तेल्याचा.

असू दे, त्यानं मनाला दटावलं. अजून चौथा आहे.

"वॉर्ड चौथा," शिरस्तेदारांनी वाचलं. "महिपत साळवी, एकोणसाठ." ते थांबले. कागद जरा जवळ धरला, पुन्हा पाहिलं, आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "सहदेव तपकिरे, दोन."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सकाळी सगळ्यांनी ऐकलं होतं. दोन कुठली ते सांगायची गरजच नव्हती. बेलभंडार उचलणारे जमिनीकडे बघू लागले. महादू गर्दीतून मागल्या मागे सटकला. महिपतच्या माणसांनी गुलाल उधळायला हात वर केला, तर महिपतनंच तो धरला आणि मान हलवून नको म्हणाला. सहदेवनं तेही पाहिलं. मग तो वळला आणि कोणी काही बोलायच्या आत चालू लागला.

घरी कलावती दारातच उभी होती. बंदरच्या रस्त्यावर अजून बातमी पोचली नव्हती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ओळखलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पडलात?"

"पडलो."

"किती मिळाली?"

सहदेवनं तांब्या खाली ठेवला. "दोन."

कलावतीनं तोंडाला पदर लावला. पण ती रडली नाही. आयुष्यभर नवऱ्याला टोचून बोललेली ती बाई त्या दिवशी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

"महादूसुद्धा नाही?"

"नाही."

"जाऊ दे मग," ती म्हणाली. "एक तुमचं स्वतःचं. पण दुसरं एक आहे ना! ज्यानं दिलं असेल तो खरा आपला माणूस. एवढ्या सगळ्या वॉर्डात तेवढा एक आपला निघाला. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

सहदेवनं मान हलवली. आहे ठाऊक.

"मग उद्याच त्याला जेवायला बोलवा. मी पुरणाचं करते. एवढं तरी आपण करायला हवं. येईल ना तो?"

समोरच्या घरी माणसं जमू लागली होती. सहदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.

"येईल," तो म्हणाला. "बोलावलं की लगेच येईल. तेच तर माझं दुखणं आहे गं."